एक न, दोन नोंदी

मलयाळममध्ये ‘तो’ म्हणजे ‘अवन्’. ‘त्याला’ म्हणायचे तर तोच शब्द, फक्त शेवटी जेमतेम ऐकू येणारा ओझरता उकार. कागदावर घोटाळा होत नाही. ‘तो’ लिहिताना शेवटच्या न-ची अखेरची रेघ वर उचलून मागे वळवतात. ‘त्याला’ लिहिताना न साधाच राहतो आणि त्याच्यावर चंद्रक्कल नावाची बारीकशी कोर बसते. शेपूट वळवलेल्या त्या अक्षराला चिल्लु म्हणतात. नेहमीच्या वापरातले चिल्लु पाच: ण, न, र, ल आणि ळ यांचे. सहावा, क-चा, क्वचितच भेटतो.

संगणकात मात्र या शेपटाने बरीच वर्षे वाद पेटता ठेवला.

अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत चिल्लुला स्वतःचा क्रमांक नव्हता. तो तीन तुकड्यांतून तयार व्हायचा: न, त्यापुढे चंद्रक्कल आणि शेवटी ‘झीरो विड्थ जॉइनर’, म्हणजे रुंदीच नसलेले, पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह. ‘तो’ आणि ‘त्याला’ यांच्या साठवणीत फरक उरला तो एवढ्या अदृश्य चिन्हाचा. आणि अशी अदृश्य चिन्हे दुर्लक्ष करण्याजोगी मानली जात. शब्दांची क्रमवारी लावताना ती सोडून दिली जात. संकेतस्थळांच्या नावांसाठी २००३ साली ठरलेल्या नियमांत तर ती सरळ गाळली जात. जोडचिन्ह गळले की ‘तो’चा ‘त्याला’ झालाच.

चिल्लुला स्वतंत्र क्रमांक द्यावा का, या चर्चेत आणखी एक जोडी गाजली. ‘वन्’ आणि ‘यवनिक’ जोडले की मोठा पडदा. ‘वन्य’ आणि ‘वनिक’ जोडले की रानातली वनराई. फरक पुन्हा त्या एका अदृश्य चिन्हाचा. असला शब्द रोज कोण लिहितो, हा आक्षेप रास्त होता. पण ‘तो’ आणि ‘त्याला’ यांच्यावाचून कुणाचेच पान हलत नाही.

चिल्लुला स्वतंत्र क्रमांक द्यायला विरोध करणाऱ्यांत ‘स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग’ हा गट आघाडीवर होता. चिल्लु हे निराळे अक्षर नाही, मूळ व्यंजनाचेच रूप आहे, हे त्यांचे म्हणणे. शिवाय नवा क्रमांक आला तरी जुना मजकूर जागचा हलणार नाही. दिसायला एकच असलेला शब्द दोन तऱ्हांनी साठवला जाईल आणि संकेतस्थळांच्या फसव्या नावांना वाट मिळेल, अशी भीतीही होती. मूळ व्यंजन कोणते, हाही प्रश्न सोपा नव्हता. ल-च्या चिल्लुचे वळण मुळात त-चे, आणि र-चा चिल्लु मलयाळममधल्या दोन र-पैकी कोणाचा मानायचा?

एप्रिल २००८मध्ये युनिकोड ५.१ आले आणि सहाही चिल्लुंना आपापले क्रमांक मिळाले. न-च्या चिल्लुचा क्रमांक ०डी७बी. यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना जुन्या तीन तुकड्यांना नऊ बाइट लागत, नव्या अक्षराला तीन पुरतात. पण दोन्ही नोंदी समतुल्य आहेत, असे युनिकोडने जाहीर केले नाही. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर साधा शोध हात हलवत परत येतो. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीत म्हणून जुने चिल्लु नव्यात बदलण्याची सोयच करावी लागली.

मराठीच्या घरातही हीच भानगड आहे. ‘दऱ्या’ लिहायला आज नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य वापरतात. जुनी पद्धतही युनिकोडने चालू ठेवली आहे: साधा र, हलन्त, तेच अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण जुन्या पद्धतीतले जोडचिन्ह एखाद्या प्रणालीने गाळले, तर डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो आणि लग्नघरी आचाऱ्याला धाडलेला निरोप आचार्याला पोचतो.