वत्सगुल्म: सोयरिकी, भाऊबंदकी आणि बचनागाची माळ

सहाव्या शतकात फ्रँकांचा राजा खिल्पेरिक याची राणी गाल्स्विंथा बिछान्यात गळा आवळलेली सापडली. तिची बहीण ब्रुन्हिल्डा आणि खिल्पेरिकची नंतरची बायको फ्रेडेगुंड यांच्या वैरात मग ते राजघराणं होरपळलं. हे आपल्याला कळतं, कारण तूरचा बिशप ग्रेगरी सगळं लिहून ठेवत होता. त्याच्या सुमारे शंभर वर्षं आधी वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीमला, वाकाटक राज्य करत होते. इथे लिहिणारे होते दानपत्रांचे लेखक, आणि दानपत्रात पुण्य लिहितात, पाप नाही.

पहिल्या प्रवरसेनानंतर या घरात वाटणी झाली. थोरला मुलगा गौतमीपुत्र बापाआधीच गेला होता. थोरली पाती नातू रुद्रसेनाकडे राहिली आणि त्याचा काका सर्वसेन वत्सगुल्माला आला. काका-पुतण्याचं प्रकरण आपल्याकडे जुनंच! थोरल्या शाखेचे ताम्रपट रुद्रसेनाच्या आईचे वडील, भारशिवांचा राजा भवनाग, यांचं नाव आवर्जून घेतात. आजोळचा आधार नसता तर ते नाव कोरायचं कारण नव्हतं.

पुढे त्याच शाखेच्या दुसऱ्या रुद्रसेनाला गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने आपली मुलगी दिली. नवरा लवकर वारला, मुलं लहान. प्रभावतीगुप्ता कारभार पाहू लागली. पुण्यात मिळालेल्या, तिच्या कारभाराच्या 13व्या वर्षीच्या ताम्रपटात ती युवराज दिवाकरसेनाची आई म्हणून बोलते. पण वंशावळ सांगते ती माहेरच्या गुप्तांची, आणि गोत्रही माहेरचंच, धारण. विदर्भात सत्ता कुणाची होती, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

धाकटी, वत्सगुल्माची शाखा 1939मध्ये वाशीमला तिच्या विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट सापडल्यावर नीट उजेडात आली. इतिहासकार वा. वि. मिराशींनी तिची संगती लावली. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळ्याच्या शिलालेखात देवसेनाच्या काळातल्या सुदर्शन तळ्याची नोंद आहे, शक 380ची. देवसेनाचा मुलगा हरिषेण. अजिंठ्याचं 16वं लेणं त्याच्या वराहदेव या मंत्र्याने कोरवलं. थोरल्या शाखेचा शेवटचा ज्ञात राजा दुसरा पृथिवीषेण मात्र बुडालेला वंश वर काढल्याचं सांगतो. कुणी बुडवला, ते सांगत नाही.

जे ताम्रपट गिळतात ते संस्कृत लेखक दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त सापडतं, असं मिराशी आणि अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांचं म्हणणं. त्यातल्या दहा कुमारांपैकी विश्रुताच्या कथेत विदर्भाचा राजा अनंतवर्मा शिकारीत, जुगारात रमतो. अश्मकांचा राजा वसंतभानू त्याला आणखी बिघडवायला आपला माणूस पाठवतो, मांडलिकांना फितवतो, आणि अनंतवर्मा मारला जातो. राणी वसुंधरा मुलांना घेऊन माहिष्मतीला सावत्र दिराकडे, मित्रवर्म्याकडे जाते. त्याची नजर वाईट. ती नकार देते, तर तो पुतण्याच्याच जिवावर उठतो. मग विश्रुताच्या सल्ल्याने ती बचनागाच्या पाण्यात भिजवलेली माळ दिराच्या छातीवर मारते, तीच माळ उताऱ्याच्या पाण्यात धुऊन मुलीच्या गळ्यात घालते. दीर मरतो, मुलगी जगते, आणि लोक राणीला पतिव्रता म्हणून हात जोडतात. फ्रेडेगुंडलाही हे सुचलं नसतं.

पण दंडी ग्रेगरी नव्हे. तो दीड-दोनशे वर्षांनी कथा रचतो, राजांची नावंही वेगळी ठेवतो. अनंतवर्मा म्हणजे हरिषेणाचा मुलगा, हे अनुमान आहे. मला ते पटतं, पण माळेसकट नाही. अश्मकांची फूस आणि मांडलिकांची फितुरी एवढंच मी इतिहासाच्या खात्यावर मांडीन. हरिषेणानंतरच्या एकाही वाकाटक राजाचा लेख आजवर मिळालेला नाही.