घंटा वाजलीच नाही!

कुकरची तिसरी शिट्टी झाली की घरातले कोणीतरी हातातले काम टाकून गॅस बंद करायला धावते. पहिल्या शिट्टीला कोणी जागचे हलत नाही. कितव्या शिट्टीला उठायचे, हे गृहिणीने डाळ आणि कुकरचा स्वभाव पाहून ठरवलेले असते. बँका, रेल्वे आरक्षण, इस्पितळे यांचा कारभार ज्या संगणकांवर चालतो, त्या सर्व्हरवर पहारा ठेवणाऱ्यांनाही नेमके हेच ठरवावे लागते. मात्र त्यांची शिट्टी रात्री तीन वाजता उशाशी ठेवलेल्या मोबाइलवर वाजते. पुणे, बंगळूर किंवा हैदराबादला ज्या घरातला मुलगा वा सून अशा नोकरीत आहे, त्या घराला हे वेगळे सांगायला नको!

पहारेकरी म्हणजे दुसरा संगणकच. १९९९ साली 'नेटसेंट' या नावाने आलेली आणि पुढे 'नॅगिऑस' म्हणून जगभर पसरलेली प्रणाली हे काम करते. तशा आणखीही आहेत. दर काही मिनिटांनी ती सर्व्हरला विचारते, जागा आहेस ना? डिस्क किती भरली? उत्तराला इतका उशीर का? प्रत्येक प्रश्नाला दोन मर्यादा आखलेल्या असतात. डिस्क ८० टक्के भरली की इशारा, ९० टक्के भरली की धोका, असे आकडे सर्रास दिसतात.

पण नुसत्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे. वर्षभर ९० टक्क्यांवरच थांबलेली डिस्क निरुपद्रवी असू शकते. एका रात्रीत ४० वरून ७० टक्क्यांवर गेलेली डिस्क मात्र इशारा न देताच सकाळपर्यंत घात करील. रोज मध्यरात्री हिशेबाच्या नकला काढताना सर्व्हरवर ताण येणारच. त्यासाठी रोज फोन वाजू लागला, तर आठवड्याभरात तो उशीखाली जातो. 'लांडगा आला रे'ची गोष्ट इथे रोज घडते. म्हणून जाणकार लागोपाठ तीन तपासण्या बिघडल्याखेरीज कोणाची झोप मोडत नाहीत आणि ज्या इशाऱ्यावर करण्यासारखे काहीच नाही, तो काढूनच टाकतात.

अतिरेकी घंटेचा निदान त्रास तरी होतो. मुकी घंटा त्याहून वाईट! १४ ऑगस्ट २००३. अमेरिकेतील ओहायो राज्यात, अक्रॉन येथे फर्स्टएनर्जी या वीज कंपनीचा नियंत्रण कक्ष. दुपारी २ वाजून १४ मिनिटांनंतर तिथली धोक्याची सूचना देणारी संगणक प्रणाली अडकली. पडदे शांत होते. कर्मचाऱ्यांना वाटले, सगळे ठीक आहे. शेजारच्या कंपनीने फोन करून एका वाहिनीतला बिघाड कळवला, तरी स्वतःच्या पडद्यावर काही नव्हते, म्हणून कोणी घाबरले नाही. २.४१ ला मुख्य सर्व्हर पडला, २.५४ ला त्याच्या जागी आलेला राखीवही. संगणक विभागाला त्याची सूचना आपोआप मिळाली होती. त्यांनी सर्व्हर पुन्हा चालू केला. पण घंटा वाजते का, हे त्यांनी नियंत्रण कक्षाला विचारले नाही आणि ती बंद असल्याचे त्यांना सांगितलेही नाही.

तोवर विजेच्या तारा झाडांना टेकून एकेक वाहिनी बंद पडत होती. चार वाजून गेल्यावर न्यूयॉर्कपासून टोरांटोपर्यंत सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. चौकशीत झाडे न छाटण्यासारखी इतर कारणेही निघाली. पण कळले असते तर सावरायला वेळ होता.

आज पहारेकऱ्यावरही पहारा असतो. तो दर काही मिनिटांनी दुसऱ्या यंत्राला 'मी आहे' असा निरोप धाडतो. निरोप चुकला की ते यंत्र बोंब ठोकते. आणि अधूनमधून, भर दिवसा, एखादी मर्यादा मुद्दाम खाली आणून कोणाचा फोन वाजतो ते पाहिले जाते. ज्याचा वाजायला हवा, त्याने नोकरी सोडून तीन महिने झाले, हे कित्येकदा अशा वेळीच समजते.