चषक मिळाला, श्रेणी गेली

२७ फेब्रुवारी २०११ रोजी वेम्बलीवर बलाढ्य आर्सेनलला २-१ असे नमवून बर्मिंगहॅम सिटीने लीग चषक पटकावला. क्लबचे १९६३ नंतरचे हे पहिलेच मोठे विजेतेपद. मात्र तीन महिन्यांच्या आतच हा संघ प्रीमियर लीगमधून बाहेर फेकला गेला. दोन्ही प्रसंगी प्रशिक्षक एकच होते, अॅलेक्स मॅक्लिश.

मॅक्लिश मूळचे बचावपटू. अॅलेक्स फर्ग्युसन यांच्या तालमीत घडलेल्या अॅबर्डीन संघाने १९८३ मध्ये रेआल माद्रिदला हरवून युरोपीय चषकविजेत्यांचा चषक (कप विनर्स कप) जिंकला, त्या संघाचे ते आधारस्तंभ होते. स्कॉटलंडकडून ते ७७ सामने खेळले. प्रशिक्षक या नात्याने त्यांनी २००२-०३ मध्ये रेंजर्सला तिहेरी मुकुट मिळवून दिला. त्यातील लीगचे अजिंक्यपद तर सेल्टिकपेक्षा अवघ्या एका गोलच्या सरस फरकावर!

आधी गोल वाचवायचा, मग करायचा, हा बचावपटूचा पिंड. बाद पद्धतीच्या स्पर्धेत तो तारतो. ३८ सामन्यांच्या लीगमध्ये मात्र बरोबरीला एकच गुण मिळतो. त्या मोसमात बर्मिंगहॅमने केवळ ३७ गोल केले आणि १५ सामने बरोबरीत सोडवले. पुढे मॅक्लिश थेट शहरातील कट्टर प्रतिस्पर्धी अॅस्टन व्हिलाकडे गेले. तेथे १७ बरोबऱ्या झाल्या, संघ सोळावा आला आणि मे २०१२ मध्ये त्यांची गच्छंती झाली.