विहिरीचे पाणी व बिअरची चव

बीड जिल्ह्याचा बहुतेक भूभाग बेसॉल्टाचा आहे. या खडकात साठलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे सामान्यतः आढळतात. डाळ लवकर न शिजणे, हंड्याच्या तळाशी पांढरा थर धरणे, ही अशा जड पाण्याची लक्षणे होत. बिअरसाठी दळलेले माल्ट या पाण्यात भिजविल्यास बायकार्बोनेटांमुळे मिश्रणाची आम्लता उणावते. पिष्टाची शर्करा करणाऱ्या विकरांना सुमारे 5.2 ते 5.6 पीएच मानवतो. तो वाढला की त्यांचे कार्य मंदावते आणि सालीतील टॅनिन उतरून पेय तुरट होते.

यावर उपाय साधा आहे. पाणी उकळून निवू द्यावे व तळाशी बसलेला चुना न ढवळता वरचे पाणी काढून घ्यावे. परंतु गोठ्याजवळील विहिरीत नायट्रेट उतरण्याचा संभव असतो. ते उकळल्याने जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 45 मिलिग्रॅमहून अधिक नसावे. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यान्वये मद्यनिर्मितीस परवाना लागतो, तो असला तरी पाण्याचे रासायनिक पृथक्करण आधी करून घ्यावे. विहीर चुकली, तर पुढील संस्कार व्यर्थ होत.