सोसायटीच्या इमारतीचे सपाट छप्पर : कोणते निवडावे व कसे टिकवावे

विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेची इमारत म्हणजे गावाची सामाईक तिजोरीच होय. ह्या तिजोरीत खताची पोती, बियाण्याच्या पिशव्या, तूर-हरभऱ्याचा माल आणि सिमेंट ठेवलेले असते. ह्या सर्व मालाचा मोठा शत्रू म्हणजे ओलावा. युरियाला ओल लागली की त्याची ढेकळे होतात. सिमेंटचा दगड होतो. बियाणे ओलसर जागेत राहिले तर ते वरून चांगले दिसते, परंतु त्याची उगवणशक्ती कमी होते, आणि ही गोष्ट शेतकऱ्याच्या ध्यानात येते ती पेरणी होऊन गेल्यावर. म्हणून छपरातून टपकणारा थेंब हा केवळ इमारतीचा दोष नसून तो सभासदांच्या पदरात पडणारा तोटा आहे.

शेतमालाच्या साठवणुकीसाठी वखार महामंडळे स्थापन करण्याचा कायदा १९५६ साली झाला. त्यानंतर २०२३ साली केंद्र सरकारने गावच्या प्राथमिक पतसंस्थांच्या पातळीवरच धान्य साठवणुकीची व्यवस्था उभारण्याची योजना मंजूर केली. अशा वेळी गावोगावच्या संचालक मंडळांपुढे छपराची निवड हा प्रश्न येणारच. त्याचा विचार करताना कोणती गोष्ट आधी पाहावी व कोणती नंतर, हे येथे सांगण्याचा हेतू आहे.

सपाट छप्पर कोठे योग्य ?

आपल्या पूर्वजांनी छपराचा आकार पावसावरून ठरविला होता. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मि.मी. पाऊस कोसळतो; तेथे उतरत्या कौलारू छपराची पद्धत पडली. सोलापूर-मराठवाड्याच्या कमी पावसाच्या भागात माळवद व खानदेशात धाबे रूढ झाले. हा विवेक आजही सोडू नये. जेथे पाऊस फार आहे, किंवा जेथे मोठ्या रुंदीचे गोदाम मधे खांब न घेता बांधावयाचे आहे, तेथे लोखंडी कैचीवर पत्र्याचे उतरते छप्परच सोयीचे पडते. सोसायटीचे कार्यालय, खत-बियाण्याचे दुकान, भाड्याने द्यावयाचे गाळे किंवा ज्यावर पुढे मजला चढवावयाचा आहे अशी इमारत, ह्यांना मात्र काँक्रीटचे सपाट छप्पर उपयोगी आहे. त्यावर मिरची, डाळ, शेंगा वाळविता येतात, हाही फायदा लहान नाही.

पहिली गोष्ट : पाणी थांबता कामा नये

सपाट छप्पर हे डोळ्यांना सपाट दिसले तरी ते खरोखर सपाट असता कामा नये. दर १०० सें.मी. लांबीस निदान १ सें.मी. उतार पाहिजे. म्हणजे १० मीटर लांबीच्या छपरास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १० सें.मी. उतार येतो. हा उतार शक्य तर स्लॅब ओततानाच द्यावा. स्लॅब समतल ओतून नंतर वरून कोब्याचा उतार काढला, तर उंच बाजूस कोब्याची जाडी व पर्यायाने वजन विनाकारण वाढते.

उतार आहे पण पाणी बाहेर जाण्यास वाट नाही, असाही प्रकार पुष्कळ ठिकाणी आढळतो. जोराच्या पावसाचा विचार करता सुमारे ४० चौरस मीटर छपरास १०० मि.मी. व्यासाचा एक नळ, हे प्रमाण धरावे. लहान छपरासही दोन नळ असावेत. कारण एक पाल्यापाचोळ्याने तुंबला तर दुसरा काम देतो.

साचलेल्या पाण्याचे वजन किती होते हे पाहण्यासारखे आहे. १०० चौरस मीटर छपरावर केवळ १ सें.मी. पाणी साचले तर ते १,००० लिटर, म्हणजे एक टन भरते. असे पाणी दिवसेंदिवस राहिले की ते काँक्रीटच्या बारीक भेगांतून सळयांपर्यंत पोचते. सळईस गंज चढला की ती फुगते व खालचे काँक्रीट ढकलते. छताचे पोपडे पडू लागले की रोग पृष्ठभागावर नसून आत गेला आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट : छपरावरचे ओझे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासच्या गावांत झालेल्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तेथील बहुसंख्य घरे दगडमातीच्या भिंतींची व मातीच्या जाड माळवदाची होती. दरवर्षी गळती थांबविण्यासाठी वर नवी माती घालण्याची पद्धत असल्याने थर वाढत जात. ६० सें.मी. जाडीच्या मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे एक टन होते. हे ओझे मातीत रचलेल्या दगडी भिंतींना धक्क्यात पेलवले नाही.

आज माती गेली व सिमेंट आले, परंतु जुनी सवय गेली नाही. गळती दिसली की जुन्या कोब्यावर नवा कोबा घालावयाचा, ही तीच चूक होय. १२ सें.मी. जाडीच्या स्लॅबचेच वजन दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो असते. त्यावर १० सें.मी. कोबा आणखी सुमारे २०० किलो वजन घालतो. म्हणून नवा कोबा करावयाचा तर जुना काढल्याशिवाय करू नये, आणि पाण्याची टाकी किंवा मजला चढविण्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

तिसरी गोष्ट : वरच्या थराची निवड

काँक्रीटचा स्लॅब हे छपराचे हाड आहे. त्यावर जलरोधक थराची कातडी पाहिजे. ह्या थराचे नेहमी मिळणारे प्रकार असे :

(१) विटांच्या तुकड्यांचा कोबा. ह्यात स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून वर घोटाई करतात व दोरीने चौकटी पाडतात. हे काम गावच्या गवंड्यास येते, त्यावर चालता येते, धान्य वाळविता येते व स्लॅबचा उन्हापासून बचाव होतो. दोष दोन. एक वजन, आणि दुसरा असा की एकदा भेगेतून पाणी आत शिरले म्हणजे ते विटांत मुरून राहते. वर भेग एका कोपऱ्यात व खाली गळती दुसऱ्या कोपऱ्यात, असे झाल्याने मूळ सापडणे कठीण जाते.

(२) डांबरी पट्टे. कारखान्यात तयार झालेले ३ ते ४ मि.मी. जाडीचे पट्टे ज्योतीने तापवून स्लॅबवर चिकटवितात. ह्याचे वजन दर चौरस मीटरला अवघे चार-पाच किलो. स्लॅब पूर्ण कोरडा असला व पट्ट्यांचे जोड निदान १० सें.मी. एकावर एक घेतले तर हे काम चांगले टिकते. परंतु त्यास जाणता कारागीर लागतो. उन्हाने डांबर कडक होते, म्हणून वर संरक्षक थर हवा. आणि असा थर उघडा असताना त्यावर फावडी, दाताळे चालविणे किंवा खिळे ठोकणे वर्ज्य समजावे.

(३) रासायनिक लेप. अॅक्रिलिक किंवा सिमेंटमिश्रित पॉलिमरचे लेप ब्रशने देता येतात. ते हलके व स्वस्त असून बारीक केसाएवढ्या भेगा झाकतात. पण पाणी साचणाऱ्या जागी ते लवकर सुटतात व काही वर्षांनी पुन्हा द्यावे लागतात. उताराचा दोष लेपाने भरून निघत नाही.

(४) चुन्याचा कोबा. विटांचे बारीक तुकडे व चुना ह्यांचे मिश्रण पसरून, त्यावर गूळ-हिरड्याचे पाणी शिंपीत लाकडी थापीने कित्येक दिवस ठोकण्याची ही जुनी रीत. चुन्याचा थर सिमेंटइतका ताठ नसल्याने त्यास मोठ्या भेगा कमी पडतात. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीस तो उत्तम. मात्र जाणते हात व सवड दोन्ही पाहिजेत.

ह्यावरून दिसून येईल की सर्वांना सदैव चांगला असा एकच थर नाही. धान्य वाळवावयाचे असेल व इमारत नवी आणि मजबूत असेल, तर कोबा घ्यावा. इमारत जुनी असून जास्त वजन सोसणार नसेल व जिल्ह्याच्या ठिकाणाहून चांगला कारागीर मिळत असेल, तर डांबरी पट्टे घ्यावेत. उतार ठीक आहे, फक्त बारीक भेगा आहेत, तर लेप पुरेसा आहे.

किंमत वर्षाच्या हिशेबाने पाहावी

निविदा उघडताना सर्वांत कमी आकडा पाहण्याची सवय असते. समजा, एका कामास ३०,००० रुपये लागतात व ते ४ वर्षे टिकते. दुसऱ्यास ७५,००० रुपये लागतात व ते १५ वर्षे टिकते. पहिल्याचा वर्षाचा खर्च ७,५०० रुपये व दुसऱ्याचा ५,००० रुपये पडला. शिवाय पहिल्या कामात दर चार वर्षांनी माल भिजण्याचा धोका आहे तो वेगळाच. जे स्वस्त दिसते ते स्वस्त असतेच असे नाही.

काम चालू असताना काय पाहावे ?

स्लॅबच्या काँक्रीटमध्ये जास्त पाणी घातले की ते ओतण्यास सोपे जाते, पण सुकल्यावर सच्छिद्र राहते. ५० किलोच्या सिमेंटच्या पोत्यास, वाळूतील ओल धरून, २५ लिटरपेक्षा अधिक पाणी घालू नये. सळईखाली आवरणाच्या गिट्ट्या ठेवल्या आहेत की नाही हे ओतण्यापूर्वी वाकून पाहावे. स्लॅबवर मातीचे आळे करून निदान दहा दिवस पाणी भरून ठेवावे. उन्हाळ्यात दोन आठवडे ठेवल्यास अधिक बरे.

गळती बहुधा मोकळ्या जागेत होत नाही. ती कठड्याच्या कडेस, नळाच्या तोंडाशी व टाकीच्या पायाजवळ होते. कारण उन्हाने स्लॅब प्रसरण पावतो. १० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंश तापमान वाढल्यास सुमारे ३ मि.मी. वाढतो, आणि जोडाच्या ठिकाणी भेग पडते. म्हणून कठडा व छप्पर ह्यांच्या कोपऱ्यात मालाचा गोलाकार वाटा करावा व जलरोधक थर कठड्यावर निदान १५ सें.मी. चढवावा. आजकाल छपरावर सौर तावदाने बसवितात. त्यांचे पाये थर देण्यापूर्वीच बांधून घ्यावेत. नंतर भोके पाडली तर सर्व खर्च वाया जातो.

काम पुरे झाल्यावर नळांची तोंडे बंद करून, अभियंत्याच्या संमतीने, छपरावर ४८ तास पाणी उभे करावे व खालून छत तपासावे. ही कसोटी उतरल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल देऊ नये. ही अट करारपत्रातच घालावी, म्हणजे पुढे वाद उरत नाही.

वर्षाची देखभाल

मृग लागण्यापूर्वी एक दिवस छप्पर झाडून काढावे, नळांची तोंडे मोकळी करावीत व त्यांवर जाळ्या बसवाव्यात. कठड्यात पिंपळाचे रोप उगवले असेल तर ते लहान असतानाच मुळासकट काढावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर कोठे पाणी साचते ते पाहून त्या जागी खूण करावी व पाऊस संपताच दुरुस्ती करावी. उन्हाळ्यात पांढरा चुना दिल्यास स्लॅब कमी तापतो, खालची खोली थंड राहते व भेगाही कमी पडतात. ह्या सर्व कामांची नोंद करण्यासाठी सोसायटीच्या दप्तरात एक वही ठेवावी. कोणत्या साली कोणता थर दिला, कोणी दिला व तो किती टिकला, हे त्या वहीवरून पुढच्या संचालकांना कळेल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यात सोसायटीच्या छपरावर एकदा स्वतः चढून पाहावे व चार सभासदांना बरोबर न्यावे. बादलीभर पाणी वरच्या टोकास ओतून ते नळापर्यंत जाते की नाही हे सर्वांना दाखवावे. ह्या साध्या परीक्षेस पैसा लागत नाही. पाणी वाटेत थांबले, तर थराचा विचार करण्याआधी उताराचा विचार करावयास हवा, हे सर्वांना तेथेच पटेल.