तेलाच्या डब्यातून निघालेला ट्रक

जुन्या वळणाचा खेळण्यातला ट्रक करायचा म्हटलं की बहुतेकांचं लक्ष आधी रंगाकडे जातं. लाल-पिवळा रंग, त्यावर मुद्दाम पाडलेले ओरखडे, कोपऱ्यांना थोडा गंज. माझ्या मते खेळण्याचा जुनेपणा त्याच्या घड्यांमध्ये असतो. पत्रा कुठे दुमडला, कुठे कान काढून खाचेत अडकवला, कुठे डाख दिला, यावरून तो ट्रक कोणत्या काळातला वाटणार हे ठरतं. आणि या घड्या कशा पडणार, हे पुष्कळदा हाताशी आलेलं भंगारच ठरवतं.

अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या ईस्ट मोलीन गावी फ्रेड लुंडाल यांची मोलीन प्रेस्ड स्टील कंपनी होती. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रकसाठी ती मडगार्ड वगैरे सुटे भाग दाबून काढायची. १९२० च्या सुमारास लुंडाल यांनी कारखान्यात उरलेल्या पत्र्यातून आपल्या मुलासाठी, आर्थरसाठी, एक ट्रक केला. आर्थरचं लाडाचं नाव बडी. शेजारपाजारची मुलं तसाच ट्रक मागू लागली आणि १९२१ पासून ‘बडी एल’ या नावाने हे ट्रक विक्रीला आले. पत्रा खऱ्या मडगार्डाच्या जातीचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या आसपास जाड. त्यामुळे मोठा माणूस वर बसला तरी ट्रक दबत नसे. त्याचं ठसठशीत, ठोकळेबाज रूपही त्याच पत्र्यातून आलं, कारण इतक्या जाड पत्र्याला बारीक नक्षी मानवतच नाही.

दुसरं टोक जपानमध्ये दिसतं. महायुद्ध नुकतंच संपलेलं, कच्चा माल मिळेना. १९४५ च्या डिसेंबरात ओत्सु इथे कोसुगे मात्सुझो यांनी अमेरिकी सैन्याने टाकून दिलेल्या डब्यांच्या पत्र्यातून छोटी जीप केली आणि ती क्योटोच्या दुकानात विकायला ठेवली. डब्याचा पत्रा पातळ असतो. अशा पत्र्याचं खेळणं लहान आकाराचं आणि वळणा-दुमडींनी ताठ केलेलं असेल, तरच टिकतं.

आपल्याकडे सहज मिळणारं भंगार म्हणजे १५ किलो तेलाचा चौकोनी डबा. त्याचा पत्रा साधारण ०.३ मिलिमीटर जाड. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे बडी एलचा पत्रा आपल्या डब्याच्या तिप्पट जाड धरला, तर तो २७ पट ताठ. ही तूट घडीनेच भरून काढावी लागते. एकच काटकोनी दुमड घातली की लोंबणारी पट्टी कशी उभी राहते, हे कुणीही हातात धरून पाहावं. माझ्यासाठी या कामातला सगळ्यात आनंदाचा क्षण हाच.

नमुना म्हणून मला नाकवाला टाटा-मर्सिडीज घ्यावासा वाटतो. १९५४ मध्ये टाटांची टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांचा करार झाला आणि जमशेदपुरात हे ट्रक तयार होऊ लागले. १९६९ मध्ये तो करार संपला, पण लांब बॉनेट, गोलसर मडगार्ड आणि मागे लाकडी हौदा हे रूप आपल्या रस्त्यांवर पुढे कितीतरी वर्षं दिसत राहिलं.

आता माप. ट्रकचं माप चाकापासून घ्यावं, कारण गोल वस्तू भंगारात मिळेल त्याच मापाची घ्यावी लागते, बाकी सगळं कापता येतं. बूटपॉलिशच्या मोठ्या डबीचा व्यास साधारण ७ सेंटिमीटर. खऱ्या ट्रकचा टायर सुमारे एक मीटर उंच. म्हणजे आपला ट्रक खऱ्याच्या चौदाव्या हिश्शाचा. खरा हौदा सव्वाचार मीटरच्या आसपास धरला, तर आपला ३० सेंटिमीटरचा. तेलाच्या डब्याची उंची साधारण ३४ सेंटिमीटर आणि एका बाजूची रुंदी २३. डब्याची एक बाजू कापून घेतली की १६ सेंटिमीटर रुंद तळ आणि दोन्हीकडच्या साडेतीन सेंटिमीटर उंच भिंती अशा अखंड निघतात. उरलेले चार सेंटिमीटर पुढच्या भिंतीला. मागचा फाळका तेवढा वेगळा करायचा. डब्याची आणि हौद्याची मापं इतकी चपखल जुळतात की डबा जणू याच ट्रकसाठी केला असावा असं वाटतं.

कापण्याआधी डबा गरम पाणी आणि साबणाने घासून तेलकटपणा पूर्ण काढावा. थिनर, रॉकेल किंवा पेट्रोलचे डबे घेऊच नयेत. आत राहिलेली वाफ उष्णतेने पेटते. हातात जाड चामडी मोजे हवेतच. आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापून, दुमडून पाहावा, चूक निघाली तर पुठ्ठा वाया जाऊ द्यावा. मग पत्र्यावर टोच्याने रेघा ओढाव्यात, पत्र्याच्या कातरीने कापावं, दोन लोखंडी पट्ट्यांच्या मधे पत्रा शिकंज्यात धरून लाकडी हातोड्याने हळूहळू वळवावा. लोखंडी हातोडीने पत्रा ताणला जातो आणि कड लाटांसारखी होते. डब्यावरच्या उठावाच्या पट्ट्या सपाट करू नयेत, त्या हौद्याच्या तळाला बळ देतात. भिंतींच्या वरच्या कडा आत दुमडून त्यात तार भरावी. पत्र्याच्या बादलीचा काठ असाच असतो.

जोड कसा द्यायचा, इथे काळाची निवड करावी लागते. १८७५ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कले यांनी पत्र्यावर छापण्याची ऑफसेट पद्धत काढली. पुढे खेळणी आधी छापून मग दाबून काढली जाऊ लागली. छापलेल्या पत्र्यावर डाख दिला तर चित्र जळतं, म्हणून कान आणि खाच आली. त्याआधीची हाताने रंगवलेली खेळणी डाख देऊन जोडलेली असत. त्यामुळे तेलाच्या कंपनीची छपाई ट्रकवर दिसू द्यायची असेल तर कान-खाच, आणि रंग द्यायचा असेल तर डाख. माझा कल पहिल्याकडे आहे. केबिनच्या दारावर अर्धं कापलेलं शेंगदाण्याचं चित्र आलं तर तो ट्रक कुठून आला हे सांगावं लागत नाही.

तरी ॲक्सलसाठी डाख लागतोच. सायकलच्या चाकाची जुनी तार हा उत्तम ॲक्सल. सुमारे दोन मिलिमीटर जाड, सरळ, आणि एका टोकाला आटे असल्यामुळे तिचंच निपल घट्ट करता येतं. रिकाम्या, धुतलेल्या पितळी रिफिलचे तुकडे, ज्यांतून ही तार सैलसर फिरेल असे, चासीखाली डाख देऊन बसवावेत. पितळेला आणि कल्हईच्या पत्र्याला डाख लगेच धरतो. शिसं नसलेला डाख वापरावा. कथिलात थोडं तांबं मिसळलेला हा डाख २२७ अंशांना वितळतो आणि पत्र्यावरचं कथील २३२ अंशांना, त्यामुळे दोन्ही एकजीव होतात. काम झालं की डाखासाठी लावलेला फ्लक्स सोड्याच्या पाण्याने धुवावा, नाहीतर जोडाभोवती गंज चढतो.

पॅकिंगची लोखंडी पट्टी चिवट असते. तिचे उतरत्या लांबीचे तुकडे एकावर एक बांधले की खऱ्यासारखे लवणारे पाटे होतात. हेडलाइटला टॉर्चच्या जुन्या बल्बचं पितळी बूड शोभतं, मात्र काच आधी पूर्ण काढून टाकावी. चाकासाठी पॉलिशच्या दोन डब्या तोंडाला तोंड लावून, मध्यावर अचूक भोक पाडून घ्याव्यात. भोक केसभर सरकलं तरी ट्रक लंगडतो. बाटलीचं बूच चाकाच्या मध्यावर बसवलं की तारेचं उघडं टोक झाकलं जातं.

रंगाच्या बाबतीत भावुक होऊ नये. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून जुना रंग असलेला पत्रा लहान मुलाच्या खेळण्याला घेऊ नये, घासून त्याची धूळही उडवू नये. भारतात घरगुती रंगांसाठी शिशाची ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, तेव्हा नवा रंग घेतानाही डब्यावर तसा उल्लेख पाहून घ्यावा. आणि पोराच्या हाती ट्रक देण्याआधी कापसाचा बोळा प्रत्येक कडेवरून, फाळक्याच्या बिजागरीवरून, बॉनेटखालून फिरवावा. जिथे कापसाचा धागा अडकेल तिथे पुन्हा कानस.