दुकान बंद झाल्यावर खेळांचे काय?

दूरचित्रवाणी संचाला जोडून व्हिडिओ गेम खेळण्याचे यंत्र, म्हणजे कन्सोल, विकणाऱ्या सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या तिन्ही कंपन्यांनी 2005 ते 2006 या काळात आपापल्या नव्या यंत्रांमध्ये इंटरनेटवरून खेळ उतरवून घेण्याची दुकाने उघडली. या दुकानांची तुलना सहसा किमती आणि खेळांची संख्या पाहून केली जाते. परंतु खरेदीची नोंद कोणाच्या नावे होते, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

निन्टेंडोच्या 'वी' कन्सोलवर ही नोंद व्यक्तीपेक्षा यंत्राशी बांधलेली होती. सोनीने ती ग्राहकाच्या खात्याशी जोडली आणि एक खाते सुरुवातीस पाच प्लेस्टेशन 3 यंत्रांवर चालू दिले, मात्र 2011 च्या नोव्हेंबरपासून ही मर्यादा दोनवर आणली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स 360 वर खाते आणि यंत्र या दोहोंच्या नावे परवाना मिळे, त्यामुळे दुसऱ्या यंत्रावर तोच खेळ खेळताना इंटरनेट चालू ठेवावे लागे. पैशांच्या जागी 'पॉइंट' वापरण्याची पद्धत निन्टेंडो आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांचीही होती. निन्टेंडोचे 100 पॉइंट एका डॉलरला पडत, तर मायक्रोसॉफ्टचे 80, म्हणजे 800 पॉइंटांचा खेळ आठ डॉलरचा भासला तरी प्रत्यक्षात दहाला पडे, आणि हा हिशेब ग्राहकाच्या सोयीचा होता असे म्हणवत नाही.

यांपैकी 'वी'चे दुकान 30 जानेवारी 2019 रोजी, तर एक्सबॉक्स 360 चे 29 जुलै 2024 रोजी बंद झाले. मात्र 360 च्या ग्राहकांना आधी घेतलेले खेळ पुन्हा उतरवण्याची मुभा राहिली आणि निवडक जुने खेळ नव्या एक्सबॉक्सवर चालत असल्याने त्यांची विक्रीही पुढे चालू राहिली. सोनीने प्लेस्टेशन 3 आणि हातात धरून खेळण्याच्या व्हिटा या यंत्रांची दुकाने बंद करण्याचे 2021 च्या मार्चमध्ये जाहीर केले खरे, परंतु ग्राहकांच्या नाराजीनंतर एप्रिलमध्येच तो निर्णय मागे घेतला.

दुकान चालू असतानाही खेळ नाहीसा होऊ शकतो. 2014 मध्ये प्लेस्टेशन 4 साठी मोफत दिलेला 'पी.टी.' हा भयखेळ पुढच्याच वर्षी काढून घेण्यात आला आणि ज्यांनी तो यंत्रातून पुसला होता त्यांना पुन्हा मिळेनासा झाला. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, विकली जाणारी डिजिटल वस्तू मालकीची नसून केवळ वापरण्याचा परवाना असेल तर विक्रेत्याने तसे ग्राहकाला स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. उतरवून घेतल्यावर विक्रेत्याला हिरावता न येणाऱ्या आणि इंटरनेटविना कायम वापरता येणाऱ्या प्रतींना मात्र त्यातून सूट आहे.